माजघरातील शुश्रूषा आणि रमाबाई रानडे

परिचर्येच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागणारी मुलगी बहुधा परिचर्येला अगदीच नवखी नसते. पारनेर, पाथर्डी, जामखेड यांसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून अहमदनगरला (२०२४ पासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले आहे) अर्ज भरावयास येणाऱ्या मुलींमध्ये अशा कितीतरी असतात की, ज्यांनी अंथरुणाला खिळलेल्या आजीला कुशीवर वळविले आहे, तिला घास भरविला आहे, आणि आई मजुरीला गेली असता धाकट्या भावाच्या कपाळावर रात्रभर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आहेत. हा अनुभव अर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. पदवी अभ्यासक्रमासाठी बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी लागते आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तीन वर्षांच्या पदविकेच्या अटी थोड्या सैल आहेत एवढेच. आजीची शुश्रूषा केली काय अन् न केली काय, गुणपत्रिकेत फरक पडत नाही.

ह्या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. शुश्रूषा ही स्त्रीला उपजतच येते, तिला शिकावयाचे असे काय आहे, हे एक. आणि घरचे ते घरचे, रुग्णालयात त्याचा काडीइतकाही उपयोग नाही, हे दुसरे. ही दोन्ही मते जुनी आहेत, आणि दोन्ही अर्धवट आहेत हे पुण्यातील एका विधवेने १९११ सालीच ओळखले होते. नुसते ओळखून ती थांबली नाही. माजघर आणि रुग्णालय यांच्यामध्ये जी पायरी नव्हती ती तिने बांधून काढली. त्या स्त्रीचे नाव रमाबाई रानडे. न्यायमूर्तींची पत्नी आणि 'आठवणीं'ची लेखिका ह्या दोन नात्यांनी त्या मराठी वाचकाला परिचित आहेत. परिचारिकांच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे त्याची आठवण मात्र सहसा निघत नाही.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रानडे तेव्हा एकतिशी ओलांडलेले होते, प्रथम पत्नीच्या निधनाला काही आठवडेच झाले होते, आणि विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या ह्या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका कुमारिकेशी लग्न केले म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तो वाद इथे उकरण्याचे कारण नाही. एवढे खरे की, ज्या मुलीला अक्षरओळख नव्हती तिला रानड्यांनी स्वतः शिकवावयास घेतले, आणि त्या शिकण्याची किंमत त्या मुलीला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून रोज मोजावी लागली. टोमणे, अबोला, जाणूनबुजून केलेला अपमान हे सारे तिने सोसले आणि पतीपाशी बहुधा त्याचा उच्चारही केला नाही. मोठ्या घरातल्या सुनेने उलट उत्तर न देता आपले काम पुढे रेटावयाचे, ही विद्या त्या तिथे शिकल्या. पुढे पुण्याच्या सनातनी समाजाशी व्यवहार करताना त्यांनी हीच विद्या वापरली.

रानड्यांची दृष्टी तरुणपणापासून अधू होती. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना वाचून दाखविणाऱ्या माणसाची गरज असे, आणि रमाबाई वाचू लागल्यावर ते काम पुष्कळसे त्यांच्याकडे आले. पत्नी-विद्यार्थिनीच्या ह्या वाचनाचे कौतुक चरित्रकारांनी केले आहे. पण तो शुश्रूषेचाही एक प्रकार होता हे ध्यानात घेतले जात नाही. दुसऱ्याच्या शरीरातील उणीव आपल्या श्रमाने भरून काढावयाची, तीही त्याला ओशाळे न वाटू देता, ह्याहून परिचर्येची वेगळी व्याख्या काय करावयाची?

नगर जिल्ह्याशी त्यांचा संबंध आला तो रानड्यांच्या नोकरीमुळे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या विरुद्ध जे दंगे झाले, त्यांत पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हे तालुके होते. ह्या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मास आला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना लागू होता आणि त्याखालील न्यायालयांची तपासणी करीत फिरणे हे रानड्यांचे काम होते. १८८७ मध्ये ते त्या कायद्याखालील खास न्यायाधीश झाले. ह्या फिरतीत रमाबाई त्यांच्याबरोबर असत. रानड्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाला ह्या फिरतीने जे दिले त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. कर्ज, व्याज, गहाणखत आणि जप्ती यांच्या कागदांतून दख्खनच्या शेतकऱ्याचे दारिद्र्य त्यांना दिसले. पण कागदावर न येणारा एक खर्च त्या घरांत होताच. तो म्हणजे आजारपण. कर्ता पुरुष पडला की पेरणी चुकते, आणि त्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईची मजुरी बुडते. ह्या दुसऱ्या नुकसानीची नोंद कोणत्याही सावकाराच्या वहीत किंवा सरकारी अहवालात होत नाही, कारण तिच्या त्या कामाला बाजारात भावच नाही.

ह्या सुमारास खेडोपाड्यांतून प्रशिक्षित परिचारिका अशी नव्हतीच. सुईण होती, तिच्या हाताला गुण होता, आणि तिच्याकडे नाळ कापावयाला बहुधा घरातलाच विळा होता. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविणारा निधी निघाला. त्याचा लाभ मुख्यतः मोठ्या शहरांना झाला. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते आणि सिंथिया फरार ह्या मिशनरी बाईंची मुलींची शाळा तिथे नावारूपाला आली होती. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते ह्याच फरारबाईंकडे. नगरात शिक्षिका होऊन परतलेल्या सावित्रीबाईंचा शेवट प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, त्याच रोगाने, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात झाला. शुश्रूषेचे कोणतेही प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते. प्लेगच्या त्या दिवसांत लोक रोगी लपवून ठेवीत, रुग्णालयाच्या नावाने त्यांच्या अंगावर काटा येई. तपासणीचा जुलूम हे त्याचे मोठे कारण होय. पण तिथे आपल्या माणसाला पाणी कोण पाजणार, आपल्या भाषेत धीर कोण देणार, ही धास्तीही त्यामागे होती.

रानडे १८९३ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १९०० च्या अखेरीस त्यांचे हृदयविकाराचे दुखणे विकोपाला गेले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाईंनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' प्रसिद्ध केल्या. पतिनिष्ठेचे पुस्तक म्हणून ते आजवर वाचले गेले आणि त्यात वावगे काही नाही. तथापि त्यातील अखेरच्या आजाराची प्रकरणे एखाद्या अनुभवी परिचारिकेने वाचावीत. कळ केव्हा येते, कशाने वाढते, रोगी आपली वेदना घरच्यांपासून कशी लपवितो, बोलणे मध्येच का तुटते, ह्यांकडे बारीक लक्ष ठेवणारी एक जागरूक नजर त्यांत आहे. निरीक्षण हा परिचर्येचा पाया असे परिचारिकांच्या शाळांतून शिकवितात. रमाबाईंनी ते कोणत्याही शाळेत न जाता कमावले होते. ते पुरेसे नाही, हेही त्यांना त्या उशाशी बसूनच कळले असणार, असे मानावयास जागा आहे. कारण पुढे त्यांनी ज्या गोष्टीचा ध्यास घेतला ती नेमकी प्रशिक्षणाची होती.

वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटावयास जाऊ लागल्या. रुग्णालयात फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. आळंदीच्या यात्रेत बायकांच्या मदतीला धावू लागल्या. सुखवस्तू घरातील विधवेच्या दानधर्माचे हे नेहमीचे रूप वाटेल. पण फळे वाटून समाधान मानणे हा त्यांचा पिंड नव्हता.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले व रमाबाईंना अध्यक्ष नेमले. पुढील वर्षी, १९०९ साली, पुण्याचे सेवासदन निघाले आणि त्याचे पहिले वर्ग रमाबाईंच्या राहत्या वाड्यात भरले. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते संस्थेच्या व्यवहाराचा भार वाहत होते. प्रारंभीचे वर्ग अगदी साधे होते. मराठी लेखन-वाचन, शिवण, गाणे, प्रथमोपचार आणि घरगुती शुश्रूषा असे विषय असत, आणि दुपारी घरकाम आटोपून येणाऱ्या प्रौढ बायका हा त्यांचा विद्यार्थिवर्ग होता. १९११ मध्ये ससून रुग्णालयात हिंदू स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची व्यवस्था झाली, आणि ह्या साध्या वर्गांचे खरे महत्त्व तेव्हा लक्षात आले.

वॉर्डात काम करणाऱ्या बाईला थर्मामीटरवरचा आकडा वाचता आला पाहिजे. तो वेळेसह तक्त्यावर लिहिता आला पाहिजे. औषधाच्या बाटलीवरची इंग्रजी चिठ्ठी ओळखता आली पाहिजे आणि मात्रा मोजण्यापुरता हिशेब आला पाहिजे. घरी वर्षानुवर्षे आजाऱ्यांची उस्तवार केलेल्या विधवेला ह्यांपैकी काहीच येत नसे. आणि जे येत असे त्यातले काही विसरावे लागे. जुलाब होत असलेल्या माणसाचे पाणी तोडावयाचे, जखमेवर हाताशी येईल ते लावावयाचे, बाळंतिणीला धुराने कोंदलेल्या अंधाऱ्या खोलीत ठेवावयाचे, ही घरोघरची वहिवाट होती. उलटपक्षी, शाळेत शिकलेल्या कोवळ्या मुलीला जे महिनोन्‌महिने शिकवावे लागते ते ह्या बाईच्या अंगी मुरलेले असे. घाणीची किळस न मानणे, जागरण सोसणे, कण्हण्याच्या आवाजावरून दुखणे ओळखणे, रोग्याच्या चिडचिडीने न चिडणे, ही ती कौशल्ये होत. सेवासदनाच्या योजनेचा अर्थ असा की, पहिल्या गोष्टी वर्गात शिकवावयाच्या आणि दुसऱ्या वाया जाऊ द्यावयाच्या नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, समाजापाशी मोठे भांडवल निरुपयोगी पडून होते आणि ते कामी लावण्यासाठी लागणारी गुंतवणूक तुलनेने अल्प होती.

ही गुंतवणूक पुस्तकांची जशी होती तशीच प्रतिष्ठेचीही होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, सर्व जातींच्या रोग्यांचे मलमूत्र उचलावयाचे, रात्रपाळी करावयाची, हे उच्चवर्णीय घरांच्या कल्पनेपलीकडचे होते. मिशनच्या ख्रिस्ती मुलींनी आणि अँग्लो-इंडियन बायकांनी करावयाचे ते काम, अशी समजूत दृढ होती. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांचा ह्याच समाजाने गौरव केला होता. डॉक्टर स्त्रीला टाळ्या मिळत. तिच्या शेजारी बेडपॅन घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीच्या वाट्याला कुत्सित हसणे येई. रमाबाईंनी ह्यावर तोडगा काढला तो प्रवचनांचा नव्हे. हिंदू घरच्या रीतीने चालणारे वसतिगृह, त्यावर संस्थेची देखरेख, आणि अध्यक्ष म्हणून स्वतःचे निष्कलंक नाव, हे त्यांनी तारण ठेवले. विधवा मुलीला ससूनमध्ये पाठवावयास कचरणारा बाप रानड्यांच्या वाड्यात पाठवावयास तयार होई. तिथून ससूनपर्यंतचा रस्ता मग लांब राहत नसे.

एका वार्षिक समारंभातील प्रसंग त्यांच्या चरित्रात नमूद आहे. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यावयास व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. समारोपाला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी त्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या तरुणांना खडसावले, आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरात अशी दुर्दैवी बहीण किंवा आप्त नाही, असे विचारले. सभा गप्प झाली. जिला घरात सर्वांची दुखणीबाणी काढावयास लावावयाचे तिलाच सभेत हसावयाचे, ही त्या पिढीची रीत होती. मौन पाळून काम करणाऱ्या ह्या बाईंनी जाहीरपणे रागावण्यासाठी नेमका हाच प्रसंग निवडला.

रमाबाईंच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुण्याच्या सेवासदनाचा लाभ घेणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने उच्चवर्णीय होत्या, आणि सनातन्यांना सांभाळून घेण्याच्या धोरणात जातीच्या भिंतींना धक्का न लावण्याची तडजोड होती. ह्याउलट नगरच्या मिशनच्या शाळांतून व दवाखान्यातून ज्या मुली पुढे आल्या त्यांतील कितीतरी अस्पृश्य मानलेल्या जातींतील ख्रिस्ती कुटुंबांच्या होत्या. नगर शहरातील मिशनचे रुग्णालय १९३९ मध्ये मुक्तिफौजेकडे गेले आणि 'ईव्हॅन्जेलिन बूथ रुग्णालय' म्हणून ओळखले जाऊ लागले. महाराष्ट्रातील परिचर्येचा इतिहास लिहावयाचा झाल्यास ह्या मुलींना पहिल्या प्रकरणात जागा द्यावी लागेल आणि रमाबाईंच्या विधवांना दुसऱ्या. परंतु बहुसंख्य हिंदू समाजाच्या मनातून ह्या व्यवसायाचा कलंक पुसण्याचे काम दुसऱ्या प्रकरणातच घडले, हेही तितकेच खरे आहे.

खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मार्ग फारसा वेगळा नव्हता. घरातील आजारी नातेवाईक आणि खेड्यातील गोरगरीब यांची सेवा त्यांनी आधी केली. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सव्हर्थ येथे त्या काही महिने शिकल्या. आणि लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली ती १८६० मध्ये. पुण्याच्या ज्या सार्वजनिक सभेचे रानडे आधारस्तंभ होते, तिच्याशी ह्या बाईंचा खेड्यांच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार होता. ज्या स्त्रीने घरच्या अनुभवातून शास्त्र उभे केले, तिने अनुभव हाच शास्त्राला पर्याय असे कधी मानले नाही. रमाबाईंची भूमिका हीच होती.

नगर जिल्ह्यात ह्याच प्रश्नाला पुढे वेगळ्या बाजूने हात घातला गेला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले आणि खेड्यांतील, बहुतांशी निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. रमाबाईंनी बाईला संस्थेच्या योग्य केले. आरोळ्यांनी संस्थाच बाईच्या दाराशी नेली. अक्षर नसलेल्या बाईलाही जुलाबात पाणी का तोडू नये, नाळ कापण्यापूर्वी पाते का उकळावे, हे समजते आणि ती ते गावाला समजावू शकते, हे जामखेडने दाखविले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण जामखेडची आरोग्यसेविका जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात उभी राहू शकत नाही, आणि तिच्या मुलीला तिथे उभे राहावयाचे असेल तर बारावीचे जीवशास्त्र चुकत नाही. प्रवेशाच्या अटी शिथिल करा अशी मागणी करणे म्हणूनच सोपे आणि घातक आहे. योग्य मागणी आहे ती सेवासदनाच्या दुपारच्या वर्गांसारख्या वर्गांची. दहावीनंतर किंवा मध्येच शाळा सुटलेल्या ज्या मुलींनी घरातले दीर्घ आजार काढले आहेत, त्यांना इंग्रजी आणि विज्ञान पक्के करून प्रवेश परीक्षेपर्यंत नेणारे वर्ग तालुक्याच्या गावी, वसतिगृहासह आणि विद्यावेतनासह निघाले पाहिजेत. विद्यावेतन अशासाठी की, ही मुलगी शिकावयास गेली म्हणजे आजीपाशी बसावयाला कोणीतरी मजुरी बुडवावी लागते.

ही साखळी किती मागून सुरू होते ह्याची रमाबाईंना पूर्ण जाणीव होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, साठीच्या उंबरठ्यावर, त्या रस्त्यावर उतरल्या त्या परिचारिकांसाठी नव्हे, तर प्राथमिक शाळांसाठी. पुणे नगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करताना खर्चाचे कारण पुढे करून मुलींना वगळावयाचे घाटले, तेव्हा १९२० च्या सुमारास त्यांनी बायकांची मिरवणूक काढली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी पुण्याच्या सेवासदनात निरनिराळ्या विभागांत मिळून हजारावर स्त्रिया शिकत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी आल्या तेव्हा त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.